स्वच्छ इंजिनाला रूळ हवेत

दरवर्षी १६ एप्रिलला भारतीय रेल्वेचा जन्मदिवस साजरा होतो. १८५३ साली त्या दुपारी साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने चौदा डबे ओढत बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. यवतमाळ जिल्ह्याने मात्र या दिवसाबरोबर आदल्या दिवसाचीही आठवण ठेवायला हवी. १५ एप्रिल १९९४ रोजी मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचे वाफेचे इंजिन कायमचे थांबले आणि तिच्यापुढे डिझेलचे इंजिन लागले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले ते झेडडी जातीचे इंजिन १९२३ पासून सत्तर वर्षे या मार्गावर राबले होते. बाकीचा देश वाफेला निरोप देऊन मोकळा होत आला, तेव्हा कुठे यवतमाळच्या वाट्याला डिझेल आले. उशीर हा या जिल्ह्याच्या रेल्वेच्या पाचवीलाच पुजलेला आहे.

त्या घटनेला तीन दशके उलटली. या काळात मालगाडीचे इंजिन पार बदलून गेले. कमी धूर सोडणारी, संगणकाच्या नियंत्रणाखाली चालणारी साडेचार हजार अश्वशक्तीची डिझेल इंजिने आता बिहारमधल्या मढौऱ्यात तयार होतात आणि आफ्रिकेतल्या खाणींसाठी निर्यातही होतात. देशातले ब्रॉडगेजचे जवळजवळ सगळे मार्ग विजेवर आले. आणि ज्या जिल्ह्यातून कोळसा, सिमेंट, कापसाच्या गाठी रोज बाहेर पडतात, त्या यवतमाळचा केवढा तरी माल अजून ट्रकमधून जातो. शकुंतलेचे रूळ गवतात गेले आहेत. रेल्वे दिनाच्या निमित्ताने आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की, कमी धुराचे इंजिन कारखान्यातून बाहेर पडले म्हणजे काम संपले असे होत नाही. जिथे माल आहे तिथपर्यंत रूळ जातील आणि त्या रुळांवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक इंजिनाच्या धुराला कायद्याची मर्यादा लागेल, तेव्हाच ते स्वच्छ इंजिन यवतमाळच्या उपयोगाचे.

शकुंतलेचा जन्मच मालासाठी झाला होता. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या मुख्य मार्गावर आणून टाकण्यासाठी अडीच फुटी रूळ वापरले. मूर्तिजापूरपासून एक फाटा कारंजा, दारव्हा, लाडखेड करत ११३ किलोमीटरवरच्या यवतमाळला येई. दुसरा अचलपूरला जाई. त्याआधी, १८७० च्या सुमारास, याच कापसासाठी खामगाव आणि अमरावतीला मुख्य मार्गावरून फाटे काढण्यात आले होते. कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा आणि तो ओढणारे इंजिन मँचेस्टरहून यायचे, असा तो व्यवहार होता. तो शोषणाचा होता यात शंका नाही. पण त्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती: जिथे माल आहे तिथे रूळ गेला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी हा मार्ग कंपनीच्या मालकीचा राहिला आणि रेल्वे तो कराराने चालवत राहिली. मालकी एकाची, गाडी दुसऱ्याची. त्यामुळे रूळ सुधारण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही. कापूस रस्त्यावर गेला, गाडीत शेतमजूर, विद्यार्थी आणि बाजाराला निघालेल्या बायाबापड्या तेवढ्या उरल्या. पुढे त्यांचीही गाडी बंद झाली.

डिझेल इंजिन या देशाच्या मालवाहतुकीत रुजले ते वाराणसीच्या कारखान्यामुळे. अमेरिकेच्या अल्को कंपनीशी १९६२ मध्ये करार झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथले पहिले इंजिन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. २६०० अश्वशक्तीच्या या इंजिनाने वाफेचा जमाना संपवला. कोळसा फावड्याने भट्टीत घालणे नाही, दर काही मैलांवर पाणी भरणे नाही. डिझेलवर चालणारा सोळा सिलिंडरचा संच वीज तयार करतो आणि ती वीज चाकांवरच्या मोटारी फिरवते, अशी त्याची रचना. हजारो अल्को इंजिने या देशाने बनवली. अन्नधान्य, खत, कोळसा, लोखंड त्यांनीच वाहून नेले. त्या इंजिनांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही.

पण त्यांच्या धुराकडेही डोळेझाक करता येत नाही. भरलेली मालगाडी उठवताना चालक एकेक नॉच वाढवत नेतो. एक ते आठ अशा या पायऱ्या. जुन्या अल्को इंजिनात नॉच वाढला की डिझेल लगेच वाढते. हवा कोंबणाऱ्या टर्बोला मात्र वेग पकडायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात जळायला इंधन भरपूर आणि हवा अपुरी, अशी स्थिती होते. चुलीत एकदम लाकडे कोंबली की घरभर धूर व्हावा, तसा टपावरच्या धुराड्यातून काळाकुट्ट लोट उठतो. स्थानकाच्या भिंती, सिग्नलच्या काचा, रुळालगतच्या वस्तीतले वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर त्याची काजळी बसते. डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये जाहीर केला. त्यामुळे हा प्रश्न कपड्यांवरच्या डागांपुरता उरलेला नाही.

दुसरा खर्च डोळ्यांना दिसत नाही. सायडिंगला गाडी भरत असते तेव्हा इंजिन तासन् तास उभे असते, पण बंद नसते. ब्रेकसाठी हवेचा दाब टिकवायचा असतो, बॅटऱ्या भरलेल्या ठेवायच्या असतात. असे नुसते उभे राहूनही जुने इंजिन तासाला सुमारे २५ लिटर डिझेल जाळते. हेच काम करणारे छोटे सहायक इंजिन बसवले की खर्च तासाला तीन लिटरच्या आसपास येतो. तंत्र साधे आहे, रेल्वेने ते वापरूनही पाहिले आहे. कोळशाच्या सायडिंगवर राबणाऱ्या प्रत्येक डिझेल इंजिनात ते असलेच पाहिजे, असा नियम करायला नवे संशोधन लागत नाही.

कमी धुराचे मोठे डिझेल इंजिन बनवणे मात्र खरोखर अवघड काम आहे, आणि ज्यांनी ते साधले त्यांचे कौतुक मनापासून करायला हवे. अडचण अशी की, सिलिंडरमध्ये ज्वलन अधिक तापमानाला झाले तर काजळी कमी होते, पण हवेतल्या नायट्रोजनचे घातक ऑक्साइड वाढतात. तापमान उतरवले तर ऑक्साइड घटतात आणि काजळी वाढते. दोन्ही एकदम कमी करायचे तर इंजिनाचा प्रत्येक भाग नव्याने विचारात घ्यावा लागतो. डिझेल प्रचंड दाबाने, अतिसूक्ष्म छिद्रांतून, सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवून फवारावे लागते. टर्बोने दाबलेली गरम हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी थंड करावी लागते. जळून गेलेल्या वायूचा काही भाग पुन्हा आत घ्यावा लागतो, नाहीतर धुराड्यात युरियाचे द्रावण फवारून ऑक्साइड मोडावे लागतात. आणि हवा पुरेशी येईपर्यंत डिझेल रोखून धरणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असावे लागते. म्हणजे नॉच वाढला तरी काळा लोट उठत नाही.

या शर्यतीत जग किती पुढे गेले ते एका आकड्यावरून कळते. अमेरिकेने रेल्वे इंजिनांच्या धुरासाठी आखलेल्या पहिल्या पायरीत लांब पल्ल्याच्या इंजिनाला दर अश्वशक्ती-तासामागे ०.६० ग्रॅम काजळी आणि ९.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. २०१५ पासून नव्या इंजिनांना लागू झालेल्या चौथ्या पायरीत हे आकडे ०.०३ आणि १.३ वर आले. काजळी विसाव्या हिश्शावर, ऑक्साइड सातव्या हिश्शावर. कारखानदारांनी सुरुवातीला कुरकुर केली तरी इंजिने बनली. कायद्याने मर्यादा घातली की तंत्रज्ञान तिथवर पोचते, हा याचा धडा आहे.

भारतात हे काम मढौऱ्याने हाती घेतले. सारण जिल्ह्यातले हे गाव एके काळी साखर कारखान्यासाठी आणि मॉर्टनच्या गोळ्यांसाठी ओळखले जाई. दोन्ही बंद पडून तिथे ओसाडी आली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेने जनरल इलेक्ट्रिकशी एक हजार मालवाहू डिझेल इंजिनांचा करार केला: ४५०० अश्वशक्तीची ७०० आणि ६००० अश्वशक्तीची ३००. पुढे हा व्यवसाय वॅबटेक कंपनीकडे गेला. जुन्या अल्कोला सोळा सिलिंडर लावून २६०० अश्वशक्ती मिळत होती. इथले बारा सिलिंडरचे इंजिन साडेचार हजार देते, तेही कमी डिझेलमध्ये आणि कमी धुरात. मध्यंतरी सगळे मार्ग विजेवर येणार असतील तर ही इंजिने हवीत कशाला, असा प्रश्न उपस्थित झाला होता. कारखाना तगला. जून २०२५ मध्ये गिनी देशातल्या सिमांडू लोहखनिज प्रकल्पासाठी मढौऱ्याचे पहिले इंजिन रवाना झाले. मागणी १५० इंजिनांची आहे. साखर कारखाना गेलेल्या गावातून खंडापार इंजिन जाते, ही कोणत्याही मागास जिल्ह्याने मनावर घ्यावी अशी गोष्ट आहे.

इथेच एक उणीव स्पष्ट सांगायला हवी. मढौऱ्याच्या इंजिनांनी जे मानक धरले ते पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेचे पहिले मानक. भारतासाठी ते मोठे पाऊल होते, पण अमेरिकेच्या चौथ्या पायरीइतके ते कडक नाही. आणि ते आले करारातल्या अटीतून, देशाच्या कायद्यातून नव्हे. वणीच्या रस्त्यावरून धावणाऱ्या नव्या ट्रकला १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे मानक पाळावे लागते. त्याच्यासाठी डिझेलमधले गंधकही ५० वरून १० भागांवर, म्हणजे दहा लाख भागांत दहा इतके, उतरवले गेले. रस्त्यावरच्या वाहनांसाठी एवढी शिस्त लावणाऱ्या देशात हजारो अश्वशक्तीच्या रेल्वे इंजिनांच्या धुराला दशकानुदशके बंधनकारक मर्यादाच नव्हती. जुन्या इंजिनांची मोजणी करून, ती किती वर्षांत सुधारायची वा मोडीत काढायची याचे वेळापत्रक कायद्याने ठरले पाहिजे. विदेशी गिऱ्हाइकाला जे चांगले देतो ते घरच्या माणसालाही मिळावे, यात जगावेगळे काही नाही.

कोणी म्हणेल, आता सगळे विजेवर आले, डिझेलची चर्चा कशाला? ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. त्याची शताब्दी होऊन गेली. २०२२ मध्ये कोकण रेल्वे आणि २०२३ मध्ये मध्य रेल्वे संपूर्ण विजेवर आली. माजरी, वणी, मुकुटबन, पिंपळखुटी हा यवतमाळच्या कोळशाचा मार्गही त्यातच आला. मधेपुऱ्याच्या कारखान्यात बनणाऱ्या बारा हजार अश्वशक्तीच्या विद्युत इंजिनांची देखभाल नागपुरात होते. हे सगळे स्वागतार्ह आहे. तरीही डिझेल रेल्वेतून नाहीसे झालेले नाही आणि लवकर होणारही नाही. कोळसा वरून भरायचा असतो त्या जागी डोक्यावर विजेची तार ठेवता येत नाही. तिथे डिझेलच लागते. यार्डातले शंटिंग, अपघातस्थळी जाणारी मदतगाडी, तार तुटली किंवा वादळ झाले तेव्हाची सोय, नव्या मार्गावर खडी आणि रूळ टाकणाऱ्या गाड्या, सीमेवरची राखीव ताकद, ही सगळी कामे डिझेलकडे आहेत. उरलेले डिझेल थोडे आहे म्हणून ते जुने आणि धुरकट चालेल, हा विचार चुकीचा ठरेल. कारण ते थोडे डिझेल नेमके वस्तीजवळच्या यार्डात आणि खाणीच्या तोंडाशी जळते.

शिवाय विजेच्या इंजिनाला धूर नसतो, हेही पूर्ण खरे नाही. विदर्भाला ते वेगळे सांगायला नको. चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते, आणि वणीच्या पट्ट्यातला कोळसा अशाच केंद्रांच्या भट्ट्यांत जातो. इंजिनाचा धूर अशा वेळी चिमणीत जाऊन बसतो. फरक एवढाच, आणि तो महत्त्वाचा, की एका चिमणीला गाळणी लावणे सोपे असते आणि सौर-पवन वीज वाढत गेली की तीच तार आपोआप स्वच्छ होत जाते. म्हणून वीज की डिझेल हे भांडण उकरून काढण्यात हशील नाही. मुख्य मार्गावर वीज, उरलेल्या कामाला कमी धुराचे डिझेल आणि दोन्हींच्या मागे स्वच्छ होत जाणारी ऊर्जा, असा सरळ मार्ग आहे.

यवतमाळचा खरा प्रश्न मात्र इंजिनाच्या अलीकडे सुरू होतो. वणी तालुक्यात उकणी, निलजई, मुंगोली, घोन्सा या भागांत वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या खाणी आहेत. खाणीतून सायडिंगपर्यंत आणि पुष्कळदा थेट कारखान्यापर्यंत कोळसा ट्रकने जातो. या रस्त्यांनी जाणाऱ्याला वेगळे काही विचारावे लागत नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना काळ्या भुकटीचा थर असतो. ट्रक गेला की तो उठतो, पुढचा ट्रक यायच्या आत बसत नाही. दिवाळीच्या सुमाराला लगतच्या शेतांत बोंडे फुटतात आणि पांढरा कापूस दोन दिवसांत राखाडी दिसू लागतो. वेचणाऱ्या बाईच्या ओच्यात पडलेले बोंड उलगडले तर आतला भाग पांढरा, वरचा काळपट. बाजारात व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन चोळतो, बोटे बघतो आणि भाव पाडतो. वर्षभराच्या कष्टाची किंमत अशी दोन बोटांवरच्या काजळीवरून ठरते. नुकसानभरपाईसाठी शेतकरी वर्षानुवर्षे निवेदने देत आले आहेत. या धुळीला आणि ट्रकांच्या धुराला मढौऱ्याचे कोणतेही इंजिन उत्तर देऊ शकत नाही, जोवर माल ट्रकवरून उतरून रुळावर जात नाही.

हिशेब करून पाहावा. कोळशाच्या एका मालगाडीला साधारण ५८ वाघिणी असतात आणि तिच्यात सुमारे चार हजार टन माल मावतो. पंचवीस टनांचा ट्रक धरला तर हे १६० ट्रक झाले. म्हणजे १६० धुराडी, दीड हजारांहून अधिक टायर आणि जाऊन येऊन ३२० फेऱ्या. तोच माल तेवढेच अंतर न्यायला रेल्वेला ट्रकच्या तिसऱ्या ते चौथ्या हिश्शाएवढे इंधन पुरते, असा जगभरचा अनुभव आहे. जुने, धुरकट डिझेल इंजिन जोडले तरी मालगाडी ट्रकच्या ताफ्यापेक्षा कमी इंधन जाळते. इंजिन नवे असेल तर प्रश्नच नाही. देशाच्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा आज २७ टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर न्यायचे राष्ट्रीय रेल्वे योजनेत ठरले आहे. हे उद्दिष्ट दिल्लीच्या कागदावर गाठले जाणार नाही. ते वणीसारख्या ठिकाणी, एकेका खाणीच्या तोंडाशी गाठावे लागेल.

त्यासाठीचा मार्गही माहीत आहे. खाणीपासून सायडिंगपर्यंत बंदिस्त पट्ट्यावरून कोळसा आणायचा आणि उंच कोठारातून तो थेट वाघिणीत सोडायचा, अशी पहिल्या टप्प्याच्या जोडणीची योजना कोल इंडियाने हाती घेतली आहे. ट्रकही टळतात, लोडरने भरताना उडणारी धूळही टळते आणि गाडी लवकर भरल्याने इंजिन ताटकळत डिझेल जाळत नाही. वणी पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या खाणीला ही जोडणी कोणत्या वर्षी मिळणार, हे तारीखवार जाहीर व्हायला हवे. तोवर सायडिंगचे रस्ते डांबरी ठेवणे, पाणी मारणे आणि ट्रक ताडपत्रीने झाकणे ही साधी कामे तरी नेमाने झाली पाहिजेत. त्यात कुचराई झाली तर शेतकऱ्याला भरपाई मागत दारोदार फिरावे लागू नये. ती आपोआप मिळावी.

जिल्ह्याच्या दुसऱ्या भागाची कहाणी निराळी आहे. यवतमाळ शहराला अजून ब्रॉडगेज नाही. गाडी पकडायची तर माणूस धामणगाव, वर्धा नाही तर बडनेरा गाठतो. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले कापड आणि जिनिंगमधल्या गाठी ट्रकने बाहेर पडतात. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाला. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा पंतप्रधानांनी यवतमाळच्या सभेतून देशाला अर्पण केला. मंजुरीपासून कळंबला गाडी यायला दीड दशक गेले. डोंगर, जंगल, भूसंपादन, पैसा, अडचणी खऱ्या असतील. पण विलंबाची किंमत फक्त वाढलेल्या खर्चात मोजली जाते, ही आपली सवय बदलायला हवी. मार्ग जितकी वर्षे लांबतो तितकी वर्षे या भागाचा माल डिझेलच्या ट्रकवर राहतो. रखडलेला रेल्वेमार्ग हाही प्रदूषणाचा स्रोतच आहे.

आणि हा मार्ग आला तरी त्यातून प्रवासी गाडीपुरतेच समाधान मानू नये. यवतमाळ, दिग्रस, पुसद, उमरखेड या पट्ट्यात मालधक्के, गोदामे आणि कापूस-सोयाबीन भरण्याची सोय आराखड्यातच असली पाहिजे. स्थानक उभे राहिले आणि मालधक्का राहून गेला, तर जिनिंगवाला पुन्हा ट्रकच बोलावणार. शकुंतलेच्या मार्गालाही ब्रॉडगेजचे आश्वासन मिळालेले आहे. कारंजा-दारव्ह्याच्या लोकांनी त्यासाठी केलेली आंदोलने जुन्या गाडीच्या आठवणींसाठी नव्हती. बाजार, दवाखाना आणि कॉलेज परवडणाऱ्या तिकिटात गाठता यावे म्हणून होती. त्या मार्गावर माल पुन्हा आला तर प्रवाशांची गाडीही टिकेल. मालाविना शाखा मार्ग तोट्यात जातात आणि मग बंद पडतात, हे शकुंतलेनेच शिकवले आहे.

महाराष्ट्राला इंजिन नवे नाही. किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये खडकीत उभा राहिला आणि त्याचे डिझेल इंजिन विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीवरही पोचले. १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स पुण्याच्या कोथरुडात सुरू झाली आणि मोठ्या अश्वशक्तीची इंजिने राज्यात बनू लागली. १९६६ मध्ये पुण्यातच वाहन संशोधनाची एआरएआय ही संस्था निघाली. वाहनांच्या धुराचे मोजमाप आणि प्रमाणपत्र हे तिचे रोजचे काम आहे. पुण्याच्या घोरपडीत रेल्वेचे डिझेल इंजिनांचे आगार आहे. इतकी विद्या एका राज्यात असताना जुन्या शंटिंग इंजिनांत नवे, कमी धुराचे संच बसवण्याचे काम महाराष्ट्राने पुढाकार घेऊन करायला हरकत नाही. एका शंटिंग इंजिनाच्या जागी दोन-तीन छोटे संच ठेवून गरजेपुरतेच चालू करायचे, अशी रचना अमेरिकेतल्या यार्डांनी वापरून पाहिली आहे. ती वणीच्या सायडिंगवर तपासून पाहता येईल. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलांना या कामाचे प्रशिक्षण मिळाले, तर खाणीच्या तालुक्यात धुळीखेरीज काही कौशल्यही येईल. मढौऱ्याच्या तरुणांना जे जमले ते वणी-पांढरकवड्याच्या तरुणांना न जमण्याचे कारण नाही.

आज रेल्वे दिनाचे कार्यक्रम होतील, जुन्या इंजिनांना हार घातले जातील, आणि ते योग्यच आहे. मात्र यवतमाळच्या खासदार-आमदारांनी, रेल्वे मंडळाने आणि कोळसा कंपनीने या दिवशी जिल्ह्याला चार गोष्टींचा शब्द द्यावा. रेल्वे इंजिनांच्या धुराला कायद्याची मर्यादा घालावी आणि सायडिंगवरच्या जुन्या इंजिनांपासून तिची सुरुवात करावी. वणीच्या खाणींना बंदिस्त जोडणी देऊन ट्रक रस्त्यावरून हटवावेत. कळंबपर्यंत आलेली गाडी ठरलेल्या तारखेला यवतमाळला आणि पुढे नांदेडला न्यावी. आणि शकुंतलेच्या ब्रॉडगेजचा निर्णय कागदावरून रुळावर आणावा. यातली एकही मागणी अवाजवी नाही, एकीसाठीही अजून न लागलेला शोध लागत नाही. वाचकांनीही आपापल्या ग्रामसभेत, बाजार समितीत आणि लोकप्रतिनिधींच्या दारात या चार गोष्टींचा हिशेब विचारत राहावे. मढौऱ्याच्या इंजिनाला गिनीच्या खाणीपर्यंत रूळ मिळाले. वणीच्या कापूसउत्पादकाला आणि यवतमाळच्या जिनिंगवाल्यालाही त्यांच्या दारापर्यंत रूळ मिळालेच पाहिजेत.